ती नुसती सोबतीला येते

६ जुलै १९७२, गुरुवार

श्यामकांत सकाळीच आला. दवाखाना चालवणाऱ्या आमच्या मंडळाचा हा चिटणीस एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर पेंगायचा. म्हणाला, "मास्तर, एक शब्द हवाय."

उभं आयुष्य अंधेरीच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेलं, पण शब्द मागायला घरी कुणी आलं नव्हतं. आतून माझी बायको अंजना म्हणाली, "शब्दच ना? हवे तेवढे ने. घरात तेवढंच शिल्लक हाय."

प्रकरण असं. मरोळच्या दवाखान्यामागच्या खोलीत लहान मुलांच्या मनाच्या आजारांवर दर गुरुवारी दुपारी फुकट उपचार करायचं ठरलं आहे. सरकारी खात्यानं वर्षाचं अनुदान मंजूर केलं. गावठणातल्याच डॉक्टर सेराफिना शहरातल्या मोठ्या इस्पितळातून त्यासाठी येतात. पण दारावर पाटी ठोकली: 'बालमनोविकार बाह्यरुग्ण विभाग'. पाटीच्या खांबाला कुणाची तरी बकरी बांधलेली असते. तिच्याखेरीज आजवर कुणी फिरकलेलं नाही.

"बाया वळसा घालून जातात," श्यामकांत म्हणाला. "विचारतात, आमच्या पोराला वेडा ठरवताय काय? उद्या लग्न कोण करील त्याच्याशी?"

मी जाऊन पाटीसमोर उभा राहिलो. बाह्यरुग्ण! ज्यानं हा शब्द घडवला त्याला लहानपणी कुणी अंगाई म्हटली नसावी. या खोलीच्या पायरीपर्यंत पूर्वी भाताची खाचरं होती. आता पलीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. खाचरांत वाकलेल्या बाया 'मनोविकार' म्हणत नसत, 'पोर कोमेजलंय' म्हणत. एवढ्यानं सगळ्यांना कळायचं.

संध्याकाळी शब्द दिला: गुरुवारची शाळा. शाळा म्हटलं की आया येतील. मग रुग्ण कशाला, विद्यार्थी म्हणा. रुग्णांची नोंद कशाला, पट म्हणा. आजाराचं नाव लिहायच्या जागी इयत्ता लिहा.

श्यामकांत खूश झाला. मीसुद्धा.

२७ जुलै, गुरुवार

बाक भरला! उरलेल्या बाया पायरीवर बसल्या. गावठणातली आयडा तिच्या मार्कसला घेऊन आली. औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रानं तिचा नवरा, ज्युलियस, गेल्या साली ओढून घेतला. तेव्हापासून कारखान्याचा भोंगा झाला की हा सात वर्षांचा पोर भिंतीवर डोकं आपटतो. भोंगा तर दिवसातून कितीदा होतो. आयडा स्वतः त्याच वसाहतीत बाटल्या धुते.

"हरेश्वर मास्तर," ती म्हणाली, "शाळा हाय म्हणून आणला हां त्याला. तो वेडा नाय."

"वेडा कोण म्हणतंय? पटावर नाव घाल."

डॉक्टर सेराफिना तशा फटकळ आहेत, पण मला म्हणाल्या, "मास्तर, माझ्या पदवीनं जे झालं नाही ते तुमच्या पाटीनं केलं." मग म्हणाल्या, "पण खात्याला रुग्ण लागतात हो. ते पट बघून काय म्हणतील?"

मी म्हणालो, "खात्यातही माणसंच असतील. वाचतील, समजतील."

त्या हसल्या. ते हसू मला आवडलं नाही.

सुगंधाला बरोबर नेलं होतं. चंद्रप्रकाशची, आमच्या मुलाची, ही एकुलती लेक. तो जहाजावर असतो, सूनबाई परवाच्या साली काविळीनं गेली. आठ वर्षांची पोर घरात एकटी कंटाळते. मार्कसला तेवढीच सोबत.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज एक शोध लागला, तो इथं लिहिल्यावाचून राहवत नाही.

सुगंधा उंबरा ओलांडायच्या आधी चौकटीवर बोटं वाजवते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. एक हलकं, दोन जोरात. पुन्हा एक हलकं, दोन जोरात. मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि एकदम कान टवकारले. लगागा लगागा लगागा लगागा! भुजंगप्रयात! कुणी शिकवलं नाही, सांगितलं नाही, पोरीच्या बोटांत वृत्त आहे. मधे चुकली की थांबते, परत पहिल्यापासून सुरू करते. वृत्तभंग सहन न होणारे विद्यार्थी मला हयातीत दोन-तीनच मिळाले असतील.

अंजनाला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती. म्हणाली, "भुजंगप्रयात, भुजंगप्रयात काय करताव? भुजंग डसलाय पोरीला. शाळेत रोज उशिरा जाते, बाईंनी चिठ्ठी धाडलीय. हात बघितलेत तिचे? धुऊन धुऊन साल निघालीय."

मी म्हटलं, "पाण्याची ओढ असायचीच. कोळ्याची पोर आहे."

"कोळ्याचं पोर पाण्याला भीत नाय. ही हाताला भिते," अंजना म्हणाली.

अंजनाला कवितेचं वावडंच. लग्नानंतर तिला समुद्रावर बसवून मी कविता म्हणून दाखवल्या होत्या, तेव्हा ती मधेच उठून बोंबील वाळलेत का बघायला गेली.

दुपारी डॉक्टरबाईंनीही सुगंधाकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं, "हिचंही नाव घालू?"

"छे, ती नुसती सोबतीला येते."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बरं. सोबतीला तर सोबतीला. पण एकही गुरुवार चुकवू नका."

२३ नोव्हेंबर, गुरुवार

खोलीत वाळूची पेटी आहे, मातीचे गोळे आहेत, मोडक्या बाहुल्या आहेत. डॉक्टरबाई मुलांबरोबर जमिनीवर बसतात आणि फारसं बोलत नाहीत. मला वाटायचं, एवढ्या शिकलेल्या बाईनं काहीतरी शिकवावं. आज मात्र चहाच्या वेळी भोंगा झाला आणि मार्कस भिंतीकडे धावला नाही. आईचा पदर मुठीत धरला, डोळे गच्च मिटले, भोंगा संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग मुठी सोडल्या आणि वाळूकडे गेला.

आयडा भर खोलीत रडली. नंतर डोळे पुसून मला म्हणाली, "बघताव काय मास्तर? पटावर हजेरी मांडा."

सुगंधा डॉक्टरबाईंशी कसलासा खेळ खेळते. बाई दारात बसतात, हिनं बोटं न वाजवता यायचं, आणि मग दोघी वाट बघत बसतात, काय वाईट होतं ते. काही होत नाही. मग दोघी हसतात. हल्ली घरीही ती उंबरा सरळ ओलांडते. बडबडते, अंजनाशी भांडते. अंजना शेजारणींना सांगत सुटली आहे.

मला मात्र, खरं लिहायचं तर, चुटपुट लागली आहे. वृत्त सैल पडत चाललं. देवानं बोटांत घातलेलं कुणी असं हसून काढून घ्यावं का?

८ फेब्रुवारी १९७३, गुरुवार

खात्याचं उत्तर आलं. पुढच्या वर्षाच्या अनुदानाचा विचार करता येत नाही, कारण केंद्रात एकही रुग्ण आढळत नाही. आढळतात ते विद्यार्थी. शाळा चालवण्याची तरतूद या खात्यात नाही.

श्यामकांत म्हणाला, शिक्षणवाल्यांकडे जाऊ. गेलो. तिथला गृहस्थ पान चघळत म्हणाला, "वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, परीक्षा नाही. आठवड्यातून एक दुपार वाळूत खेळायचं. याला शाळा म्हणायचं मास्तर? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकवलंय."

म्हणजे आरोग्यवाल्यांना ही शाळा वाटते आणि शाळावाल्यांना दवाखाना. मधल्या उंबऱ्यावर पोरं बसली आहेत, त्यांना दोन्हीकडून कुणी आत घेत नाही. भाषेचा एवढा आदर या खात्यांनी कधी केला नव्हता, तो नेमका माझ्या शब्दाचा केला!

परतताना श्यामकांत बसमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, तुम्ही शब्द दिलात, तेव्हा हे कुणाला सुचलं असतं?" त्याला मला दोष द्यायचा होता की धीर, कळलं नाही. घरी आल्यावर बराच वेळ चीड येत राहिली. आपल्या माणसांना लाज वाटू नये म्हणून एक मऊ शब्द शोधला, हा गुन्हा?

एक मेहेरबानी आहे. मार्चच्या पहिल्या गुरुवारी एक साहेब स्वतः येऊन पाहणार आहेत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरबाईंनी आयांना पायरीवर बसवून सांगितलं, "साहेब येतील, विचारतील. तेव्हा लाजू नका. माझं मूल आजारी आहे, इथं औषधोपचार घेतं, असं म्हणायचं आणि नाव द्यायचं. नाव दिलंत तर खोली राहील. नाही तर बंद."

एक बाई पोराच्या शर्टाची गुंडी लावत राहिली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, आम्ही शाळा म्हणून आलो. तुम्हीच शाळा म्हणालात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभं राहून चार शब्द बोललो. कळी, दंव, ऊन, उमलणं. चांगलं जमलं होतं. आयडा मधेच म्हणाली, "मास्तर, कळीचं ऱ्हावं द्या. नाव द्यायचं का नाय तेवढं बोला."

"द्यायचं," मी म्हणालो. "निर्धास्त द्यायचं."

१ मार्च, गुरुवार

लिहितो आहे खरा, पण आज हात जड आहे.

बाकावर आयडा, मार्कस आणि सुगंधा. बाकी कुणी आलं नाही. एकीनं निरोप पाठवला, पाहुणे आलेत. दुसरीनं तेवढंही केलं नाही.

साहेब तरुण होते, सभ्य होते. वाईट असते तर बरं झालं असतं. खोली पाहिली, वाळूत बोट घातलं. म्हणाले, "डॉक्टर, राज्यात दुष्काळ आहे. माणसं भर उन्हात खडी फोडताहेत. प्रत्येक खर्चाला मला उत्तर द्यावं लागतं. मुलांना खेळवायला पैसे दिले म्हणून सांगू?"

"खेळ नाही, उपचार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग रुग्ण दाखवा."

आयडा उठली. मार्कसला पुढे ढकललं. "हा बघा. माझा पोरगा. भिंतीवर डोकं फोडायचा, टाळू बघा, खुणा हायत. इथं आणला नि थांबला. आजारी हाय म्हणून आणते. वेडा म्हणायचा तर म्हणा, कागदावर ल्ह्या. मना कसली लाज? त्याचा बाप मेला तेव्हा कुणाला लाज वाटली?"

साहेबांनी टोपण काढून लिहून घेतलं. मग म्हणाले, "एक झाला. एका मुलासाठी मला केंद्र चालवता येणार नाही. निदान आणखी एखादं नाव द्या, मी वर भांडून बघतो. खरंच सांगतो." आणि बाकाकडे वळले. "ही मुलगी?"

सुगंधा माझ्याकडे बघत होती. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. आयडाही.

माझ्या डोळ्यांसमोर का कोण जाणे चंद्रप्रकाश आला. मग सुगंधा आली, वीस वर्षांची, हिरव्या साडीतली, आणि समोर बसलेली कुणी परकी माणसं, त्यांच्या हातात आजचा हा कागद. मी म्हणालो, "ती माझी नात. ती आजारी नाही. ती नुसती सोबतीला येते."

"अच्छा," साहेब म्हणाले आणि टोपण लावलं.

डॉक्टरबाईंनी पट मिटला. आयडा बोलली. दाराशी थांबून, अगदी हळू. "मास्तर, सोबत तर तुमी केली असती."

३ मार्च, शनिवार

अंजना बोलत नाही. ताट वाढते, मीठ विसरते. आज विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरीला वाचवायला गेलात नि पोरीलाच सोडून आलात. लग्नाचं बघताव? आधी तिला मोठी तर होऊ द्या."

मी म्हणालो, खातं एका नावानं बधलं नसतं. ती म्हणाली, "नसतं बधलं. पण तुमी दिलं असतंत."

५ एप्रिल, गुरुवार

खोली बंद झाली. मुलं नेहमीच्या वेळी आली नाहीत हे तर खरंच, पण मी गेलो होतो. वाळूची पेटी बाहेर काढलेली, बकरी तिच्यात बसली होती.

खोलीत आता कुटुंबनियोजनाचं सामान येणार. लाल त्रिकोण रंगवून झालाय. त्याला पैसा आहे, भरपूर आहे, श्यामकांत म्हणाला. मूल होऊ नये म्हणून सरकार पैसे देतं. झालेल्या मुलाचं काय करायचं ते ज्यानं त्यानं आपल्या घरी बघावं.

डॉक्टरबाई परत इस्पितळात पूर्णवेळ. जाताना भेटल्या. सुगंधाला तिकडे आणा म्हणाल्या. मी म्हणालो, आता ती बरी आहे. आयडा समोरून येत होती, म्हणून मी दुसऱ्या गल्लीनं घरी आलो.

१९ एप्रिल, गुरुवार

वृत्त परत आलं आहे.

आधी मला आनंदच झाला, हे लिहून ठेवायला हवं. सकाळी चौकटीवर बोटं वाजली आणि मी पुस्तक मिटून ऐकायला लागलो. एक हलकं, दोन जोरात. मग दोन जोरात, एक हलकं. मग नुसतंच जोरात, जोरात, जोरात. मी गण पाडत बसलो. कुठल्याच वृत्तात बसेना. मात्रा मोजल्या, ओव्यांच्या चालीत घालून पाहिलं. काहीच नव्हतं त्यात. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतके महिने मी बोटांकडेच पाहत होतो. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत भीती, तोल जाऊन खाली पडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी.

"सुगंधा, काय होईल गं बोटं नाही वाजवली तर?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. अंजना म्हणाली, सोमवारपासून ती कुणाशीच बोललेली नाही. तुम्हाला आज कळलं.

४ मे, शुक्रवार

तिला घेऊन इस्पितळात गेलो. आयडाला विचारून जायला हवं होतं, ती मार्कसला तिकडे नेते असं ऐकतो. पण तिच्या दारात कुठल्या तोंडानं उभा राहणार?

घरातून निघायलाच फार वेळ लागला. उंबऱ्यावर तिचं पुन:पुन्हा सुरू होत होतं. अखेर अंजनानं उचलून बाहेर ठेवलं, तेव्हा ती अशी किंचाळली, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. अंजना त्यांना म्हणाली, "बघताव काय? आजारी हाय पोर." किती सोपं असतं म्हणायला.

खिडकीवर ही रांग. कारकुनानं वर न बघता विचारलं, "काय होतंय मुलीला?"

मागे माणसं, बाजूला माणसं. मी म्हणालो, "बोलत नाही."

"ऐकू येतं?"

"येत असावं."

"कान-नाक-घसा. जिना चढून डावीकडे."

आणि मी गेलो! हातात कागद घेऊन, तिचा हात धरून, जिना चढून डावीकडे गेलो. तिथं बाकावर बसलो. एका डॉक्टर मुलानं दिवा धरून तिचे कान बघितले, घसा बघितला. म्हणाला, "कान उत्तम, घसा उत्तम. आजोबा, तुम्ही खाली नीट सांगितलं नाहीत. ही बोलत नाही, की हिला बोलवत नाही?" वा! इतका नेमका फरक माझ्या वर्गात कुणी केला नव्हता.

पुन्हा खिडकी, पुन्हा रांग. कारकून ओळखून म्हणाला, "आता काय?"

मी शाळेत शेवटच्या बाकाला ऐकू जावं म्हणून काढायचो त्या आवाजात म्हणालो, "माझी नात मनोरुग्ण आहे."

पुढची बाई आपल्या मुलाला घेऊन थोडी सरकली. थोडीशीच.

कारकून मात्र कंटाळलेला. त्यानं पहिला कागद फाडून टाकला. "मग हे सकाळी सांगायला काय झालं होतं? मनाच्या आजाराची मुलं मंगळवारी बघतात. मंगळवारी या. गर्दी असते, लवकर या."

फाटकापर्यंत आलो. सुगंधानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि उभी राहिली. वर माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. आवाज आधी फुटला नाही, मग घोगरा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा फुटला. कित्येक दिवसांनी.

"आजोबा, मनोरुग्ण म्हणजे काय?"

शब्दांचे अर्थ सांगण्यात माझी हयात गेली.

"चल," मी म्हणालो, "बस जाईल."